करडा म्हणजे कुठला करडा?

१९८६ सालच्या गणपतीत डिलाईल रोडवरच्या आमच्या मंडळाने ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा देखावा केला होता. थर्माकोलची बोट, बारदानाचा समुद्र आणि डेकवर पुठ्ठ्याची आठ विमानं. विमानं रंगवायचं काम आम्हा सातवी-आठवीतल्या मुलांकडे आलं. आम्ही ती चंदेरी करून टाकली. विमान चंदेरीच असतं, याबद्दल आमच्यात कुणालाही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका रजेवर आले. ते नौदलात होते. खुद्द विक्रांतच्या डेकवर विमानं ढकलणाऱ्या, जागेवर लावणाऱ्या आणि साखळ्यांनी बांधणाऱ्या तुकडीत. मूळचे सावंतवाडीकडचे. गणपतीला नमस्कार करून ते देखाव्यापाशी वाकले, एक विमान उचललं, उलटं केलं आणि मला म्हणाले, “ह्यां आमचा इमान न्हय गो बाय. आमच्या इमानाची पाठ करडी आणि पॉट पांढराफेक.”

बाजूला माझे वडील रंगाचे डबे घेऊन बसले होते. कापडगिरणीच्या रंगखात्यात वीस वर्षं काढलेला माणूस. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांच्यासाठी गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. त्यांनी मान वर करून काकांना विचारलं, “करडी म्हणजे कुठली करडी? राखेची की पारव्याची?”

काकांना सांगता येईना. रोज ज्या विमानाला हात लावायचे, त्याचा रंग शब्दांत सापडेना. शेवटी ते मांडवाबाहेर गेले आणि चिमणीच्या मागून चढत असलेल्या ढगाकडे बोट दाखवलं. वडिलांनी ढगाकडे पाहिलं, पांढऱ्यात काळा घातला, निळ्याचा थेंब टाकला, काडीने ढवळून काकांसमोर धरला. काका म्हणाले, “आणखी काळो.” असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते नुसते हसले.

त्या रात्री आम्ही आठही विमानं पुन्हा रंगवली. माझ्या विमानवेडाची सुरुवात तिथे आहे. पुढे मी कापडाच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, रंग जुळतो की नाही हे पाहण्यात दिवस घालवले. आणि घरी आल्यावर, गेली तीसेक वर्षं, लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं बनवत आले. मॉडेल जोडायला मला दोन आठवडे लागतात. त्याचा रंग शोधायला कधी दोन महिने, कधी दोन वर्षं. एवढा वेळ त्यात कुठे जातो, असं पुष्कळ जण विचारतात. काकांच्याच विमानाचा शोध सांगितला तर ते नीट समजेल.

आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगते. दुकानात मिळणाऱ्या किटवर १/७२ किंवा १/४८ असा आकडा असतो. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग. सहा फुटांचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. काकांच्या डेकवरचं ‘सी हॅरियर’ साडेचौदा मीटर लांब होतं. १/७२मध्ये ते साधारण वीस सेंटिमीटर भरतं, शाळेतल्या फूटपट्टीच्या दोन तृतीयांश. भाग जोडले, सांधे घासून साफ केले की आकार अचूक मिळतो, कारण तो साच्यातूनच आलेला असतो. रंग मात्र साच्यातून येत नाही. तो आपल्याला शोधावा लागतो.

सी हॅरियर हे विमान ब्रिटिशांचं. त्याच्या पेगासस इंजिनाचा झोत चार फिरत्या नॉझलांमधून बाहेर पडतो. नॉझल खाली वळवली की विमान हवेत उभं राहतं आणि सरळ खाली उतरतं. विक्रांतसारख्या लहान जहाजाला असंच विमान हवं होतं. भारताने १९७९मध्ये त्याची मागणी नोंदवली आणि डिसेंबर १९८३मध्ये पहिली विमानं गोव्यात दाभोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर उतरली. ती गेली नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे. शेपटीवर झेप घेणारा पांढरा वाघ, ही तिची खूण.

या विमानाचा रंग शोधायला बसले तेव्हा मला वाटलं, काका सांगतायत तर प्रश्न मिटला. पाठ गडद करडी, पोट पांढरं. पण आमच्याच रस्त्यावर राहणारा एक तरुण पुढे नौदलात गेला होता आणि २००५च्या सुमारास ‘विराट’ या विमानवाहू नौकेवर होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “पांढरं पोट? नाही हो ताई. वर करडं, खाली जरा फिकट करडं. पांढरं कुठे पाहिलंच नाही मी.” दोघांनीही तीच विमानं हाताळलेली. दोघंही प्रामाणिक. काकांना हे सांगितलं तेव्हा ते दुखावले. स्वतःच्या डोळ्यांनी बारा वर्षं पाहिलेल्या गोष्टीवर कुणी शंका घेतली तर माणूस दुखावतोच.

उलगडा व्हायला मला समुद्रापार जावं लागलं, म्हणजे पुस्तकांतून आणि जुन्या छायाचित्रांतून. ब्रिटिश नौदलाने सी हॅरियर वापरायला घेतलं तेव्हा त्याचा रंग ठरलेला होता. वर ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’ नावाचा निळसर गडद करडा, खाली चकचकीत पांढरा. यामागचा विचार समजायला आपल्या बाजारातला बांगडा हातात घ्यावा. त्याची पाठ गडद निळी-हिरवी आणि पोट चंदेरी पांढरं. वरून झेपावणाऱ्या पक्ष्याला पाठ पाण्यात मिसळून जाते. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला पोट वरच्या उजेडात मिसळून जातं. अ‍ॅबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६मध्ये प्राण्यांच्या रंगाचा हा नियम मांडला, आणि पुढे दोन महायुद्धांत विमानं, जहाजं रंगवणाऱ्यांनी तो उचलला. बांगड्याला जे निसर्गाने दिलं, ते हॅरियरला ब्रिटिश नौदलाने दिलं.

एप्रिल १९८२मध्ये फॉकलंड बेटांचं युद्ध पेटलं. ५ एप्रिलला ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका पोर्टस्मथहून दक्षिणेकडे निघाली. वाटेत कुणाच्या तरी ध्यानात आलं की वळण घेताना विमान कुशीवर झुकतं, पोट समोर येतं, आणि तो पांढरा रंग दुरून लखलखतो. लढाईत ते घातक ठरलं असतं. मग हर्मिसवरच्या खलाशांनी ब्रश हातात घेतले आणि विमानांची पोटं वरच्याच गडद करड्याने रंगवून टाकली. पंखांवरच्या राष्ट्रीय चिन्हांमधला पांढरा भागही झाकला. सोबतच्या ‘इन्व्हिन्सिबल’वर हेच काम स्प्रेने झालं. म्हणून हर्मिसवरच्या विमानांच्या पोटावर ब्रशचे फराटे होते आणि इन्व्हिन्सिबलवरच्या विमानांच्या नव्हते. त्या वर्षाचं मॉडेल बनवणाऱ्याला विमान कुठल्या जहाजावरचं, हेसुद्धा माहीत असावं लागतं.

युद्धानंतर ब्रिटिशांनी आपली हॅरियर सरसकट करडी केली. भारताची विमानं मात्र १९८३ला आली ती जुन्याच वेशात, पाठ गडद करडी आणि पोट पांढरं. नंतरच्या वर्षांत आपल्याकडचंही पांढरं पोट गेलं आणि करड्याच्या दोन छटा राहिल्या. काकांची विमानं पहिल्या वर्षांतली. त्या तरुणाची विमानं पुढच्या काळातली. दोघंही खरं सांगत होते, आणि मीच त्यांना चुकीचा प्रश्न विचारला होता. ‘हॅरियरचा रंग कुठला’ या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठलं विमान, कुठल्या वर्षी, कुणाच्या ताब्यात, एवढं विचारल्यावर उत्तर मिळायला लागतं. आता मी कुठलंही किट उघडण्याआधी वहीच्या पानावर एक तारीख लिहिते आणि मगच कामाला लागते. काकांच्या विमानासाठी लिहिलं : विक्रांत, १९८६चा पावसाळा संपताना.

हा शोध मी काकांना सांगायला गेले तेव्हा त्यातली एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. ज्या हर्मिसवर ते ब्रश चालले, तीच हर्मिस १२ मे १९८७ रोजी ‘विराट’ या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. काकांनी पुढची वर्षं तिच्यावरच काढली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “त्येच डेकार?” मी म्हटलं, “त्याच जहाजावर, काका.”

तारीख ठरली की पुढचा प्रश्न वडिलांचा : करडा म्हणजे कुठला करडा? आपल्या भाषेत रंगांची नावं पुष्कळ आहेत. पारवा, राखाडी, धुरकट, मोतिया, आमसुली, अबोली, चिंतामणी. दादरच्या दुकानात ‘चिंतामणी दाखवा’ म्हटलं की विक्रेता बरोबर तीच साडी काढतो, कारण ग्राहक आणि विक्रेता दोघांनी ती पाहिलेली असते. पण ज्याने पाहिलेली नाही त्याला नाव उपयोगाचं नसतं. गिरणीत यावर उपाय होता शेड कार्डाचा. प्रत्येक छटेचा कापडी तुकडा चिकटवलेला, खाली क्रमांक. वडील घरी बोलतानाही रंगाचं नाव घेत नसत, क्रमांक सांगत.

विमानांच्या जगातही तसंच आहे. ब्रिटनमध्ये १९३०पासून रंगांचं प्रमाणपुस्तक आहे. त्याचं आजचं रूप ‘बीएस ३८१सी’. त्यात एक्स्ट्रा डार्क सी ग्रेचा क्रमांक ६४०, डार्क सी ग्रेचा ६३८, मीडियम सी ग्रेचा ६३७. नावं एकमेकांसारखी असल्यामुळे नुसत्या नावावर गेलं तर फसगत ठरलेली. अमेरिकेच्या ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’मध्ये आकडाच माहिती सांगतो. उदाहरणार्थ ३६११८ : पहिला ३ म्हणजे चमक नसलेला, दुसरा ६ म्हणजे करड्यांचा गट, उरलेले तीन आकडे तो किती उजळ आहे याचा क्रम दाखवतात. आपल्याकडे ‘आयएस ५’ हे भारतीय मानक आहे आणि त्याचे काही क्रमांक ब्रिटिशांच्या क्रमांकांशी तंतोतंत जुळतात. लोअर परळच्या गाळ्यांमध्ये विजेचे पॅनेल बनवणारे कारागीर ‘सहाशे एकतीस मारा’ म्हणतात तेव्हा ते जो लाइट ग्रे मागतात, तोच क्रमांक ब्रिटिश पुस्तकातही लाइट ग्रेचा आहे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. परक्या वाटणाऱ्या विमानाच्या रंगाचा भाऊबंद आमच्या गल्लीतच राहत होता.

परदेशात राहणाऱ्या मामेबहिणीने मला ६४० क्रमांकाची रंगपट्टी पाठवली. ती मी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली ती थेट गॅलरीत नेली.

गॅलरी उत्तरेकडची. रंग पाहायचा तर उत्तरेच्या उजेडात, हे गिरणीतलं शास्त्र. दक्षिणेकडून येणारं ऊन दिवसभर बदलत राहतं, सकाळी पिवळं, दुपारी पांढरं, संध्याकाळी तांबूस. उत्तरेकडून येतो तो आकाशाचा उजेड, बराचसा स्थिर. पण वडील यातही एक पथ्य सांगायचे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेवरही डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही. सकाळी दहाच्या आसपास, ढग एकसारखा पसरलेला असताना पाहायचं.

तिथे त्यांनी मला दोन तुकड्यांचा जुना प्रयोग करायला लावला. मी दोन करडे बनवले. एक काळ्या-पांढऱ्याचा, दुसरा निळ्यात तपकिरी आणि पांढरा मिसळून. गॅलरीत दोन्ही अगदी जुळे दिसत होते. खोलीत नेऊन पिवळ्या बल्बखाली धरले, तर दुसरा तांबूस झाला. रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही त्यासाठी लाइट बॉक्स वापरायचो. आत वेगवेगळे दिवे, एकेक लावून कापडाचा तुकडा तपासायचा. घरी माझ्याकडे गॅलरी, ट्यूबलाइट आणि देवघरातला बल्ब आहे. तिन्ही ठिकाणी जो रंग पट्टीशी जुळतो तोच मी विमानाला लावते.

हम्ब्रॉल या ब्रिटिश कंपनीच्या रंगांत १२३ क्रमांकाची डबी म्हणजे एक्स्ट्रा डार्क सी ग्रे. पण हे रंग ज्वलनशील असल्यामुळे विमानाने सहजी पाठवता येत नाहीत, आणि चौदा मिलिलिटरच्या डबीसाठी महिनोन्‌महिने थांबणं व्हायचं. त्यामुळे मी रंग घरीच मिसळायला शिकले. नियम वडिलांचाच : ओल्या रंगावर निकाल द्यायचा नाही. मिसळलेल्या रंगाचा एक हात पुठ्ठ्यावर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पट्टीशेजारी धरायचा. वाळल्यावर छटा सरकते. माझ्या वहीत ६४०साठी अकरा चौकोन आहेत. दहावर काट मारलेली आहे.

आता छायाचित्रांकडे येते, कारण नवखा माणूस सर्वांत आधी त्यांच्याकडेच धावतो. काकांच्या ट्रंकेत एक रंगीत फोटो होता. गोव्याच्या तळावर तुकडी रांगेत उभी, मागे हॅरियर. त्या फोटोत विमानाचं पोट गुलाबीसर दिसत होतं. त्यावरून मी रंग बनवला असता तर मोठीच चूक झाली असती. त्या काळच्या रंगीत फोटोंमध्ये तीन रंगांचे थर असतात, निळसर, किरमिजी आणि पिवळा. पेटीत अंधारात राहिलेल्या जुन्या फोटोंत पुष्कळदा निळसर थर आधी विरतो आणि सगळं चित्र तांबूस होतं. मी काकांच्या गणवेशाकडे पाहिलं. तोही गुलाबी झाला होता, आणि नौदलाचा तो गणवेश पांढराशुभ्र असतो, हे तर जगाला माहीत आहे. म्हणजे गणवेश जितका बिघडला तितकंच पोट बिघडलं. दोन्ही पांढरे.

तेव्हापासून फोटोत मी आधी विमान पाहत नाही. ज्याचा रंग नक्की माहीत आहे अशी वस्तू शोधते. खलाशाची टोपी, डेकवरचा पिवळा ट्रॅक्टर, पंखावरच्या चिन्हातलं पांढरं वर्तुळ. ती सावलीत आहे की उन्हात, हे पाहते. मग तिच्या तुलनेत विमान. कृष्णधवल फोटो छटा सांगू शकत नाही, पण कुठे गडद संपतो आणि कुठे फिकट सुरू होतो ती रेघ फार चांगली दाखवतो. आणि मोबाइलने काढलेल्या फोटोवर तर मी रंगासाठी विसंबतच नाही. मोबाइल स्वतःच्या बुद्धीने उजेड दुरुस्त करतो, आणि तेच विमान एका फोटोत निळं, दुसऱ्यात हिरवट दिसतं.

‘संग्रहालयात जाऊन खरं विमानच पाहा ना’ असं पुष्कळ जण सुचवतात. मी गेले. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात, ‘मारुत’ उभं आहे. हे भारतात घडलेलं लढाऊ जेट. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना झाली आणि १७ जून १९६१ला त्याने पहिलं उड्डाण केलं. लहानपणी मी त्याच्या चाकांशी उभी राहून मान वर करून बघत राहायचे. विमानाची उंची, पत्र्यांचे जोड, खिळ्यांच्या रांगा, चाकांचे दरवाजे, हे सगळं तिथे पाहण्यासारखं आहे. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॅरियरच्या आणि त्याच्या आधीच्या सी हॉकच्या अगदी जवळ जाता येतं.

पण उघड्यावर उभ्या विमानावर आपल्याकडे दर वर्षी चार महिने पाऊस पडतो आणि आठ महिने ऊन. ते टिकवायचं तर त्याला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. त्यामुळे वरचा थर सांगतो तो संग्रहालयात आल्यानंतरचा काळ. हे समजावून सांगायला मी आमच्या चाळीतल्या खोलीचं दार दाखवते. त्याच्या एका कोपऱ्यावर मी पॉलिश पेपर गोल गोल घासला. वर चॉकलेटी, त्याखाली पिस्ता, त्याखाली आकाशी, सर्वांत खाली गडद हिरवा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे चार काळ एकाच फळीत. आकाशी होता तेव्हा माझा जन्म झाला होता. जुनी विमानं दुरुस्त करणारे तज्ज्ञ असंच घासून मूळ थरापर्यंत पोहोचतात. मला संग्रहालयातल्या विमानाला हात लावायची मुभा नाही, म्हणून मी तिथून आकार घेते आणि रंग दुसरीकडे शोधते.

चिन्हांचंही असंच. आपल्या विमानांवरच्या चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. परदेशी किटमधल्या छापील चिन्हांत केशरी पुष्कळदा संत्र्याच्या सालीसारखा होतो. आपल्या राष्ट्रध्वजाचं मानक, ‘आयएस १’, त्या केशरीची जागा मोजमापाच्या आकड्यांत बांधून देतं. झेंड्याचा केशरी डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला चुकीचा केशरी लगेच खुपतो. मी ही वर्तुळं हाताने रंगवते.

रंग सापडला, तरी तो डबीतून काढून जसाच्या तसा लावून चालत नाही. १/७२चं मॉडेल आपण फूटभर अंतरावरून, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. त्या मापात ते अंतर होतं एकवीस-बावीस मीटर. खरं विमान तेवढ्या अंतरावर, मधल्या हवेमुळे आणि सगळीकडून पडणाऱ्या उजेडामुळे, थोडं फिकं दिसतं. म्हणून अनेक मॉडेलकार गडद रंगात किंचित पांढरा घालतात. किती, यावर मॉडेलकारांचं एकमत नाही. मी थेंब मोजून घालते आणि विमान टेबलावर ठेवून दारातून पाहते. चमकेचंही तेच. खऱ्या हॅरियरचा रंग चकचकीत होता, पण वीस सेंटिमीटरच्या विमानावर तेवढी चमक दिली तर ते खेळणं वाटतं. चमक अर्ध्यावर आणावी लागते.

स्प्रे मारायला मी शिकले लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात. तिथल्या कारागिरांनी मला कॉम्प्रेसरचा दाब कसा ठेवायचा, गन किती लांब धरायची आणि एक रंग दुसऱ्यात कसा विरघळवायचा ते दाखवलं. मूर्तीच्या गालावरची छटा आणि विमानाच्या पाठीवरची उन्हाने उडालेली छटा यांचं तंत्र एकच आहे. कारण समुद्रावरचं विमान एका रंगाचं राहत नाही. मीठ आणि ऊन रंगाला खडूसारखं भुरकट करतात. गंज दिसला की तेवढा तुकडा घासून नवा रंग लागतो, आणि तो भोवतालपेक्षा गडद दिसतो. हॅरियरच्या मागच्या दोन नॉझलांमधून तापलेला झोत निघतो, म्हणून तिथे अंगावर धातूचा उष्णतारोधक पत्रा असतो. त्या भागाचा रंगच निराळा.

एवढं सगळं वीस सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकसाठी का करायचं? विक्रांत जहाज २०१४मध्ये दारूखान्याला भंगारात निघालं, आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. सी हॅरियरची शेवटची विमानं ११ मे २०१६ रोजी गोव्यात निवृत्त झाली. विराट ६ मार्च २०१७ला मुंबईत सेवेतून उतरली आणि पुढे अलंगला तोडायला गेली. वडिलांचं रंगखातं होतं तिथे आज काचेची इमारत आहे, आणि ती शेड कार्डं कुठे गेली कुणास ठाऊक. या गोष्टींवर ज्यांनी हात फिरवला त्यांची वयं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. लढायांच्या तारखा इतिहासात लिहिल्या जातात. पोट कसं दिसायचं, हे फक्त पोटाखाली वाकलेल्या माणसाला ठाऊक असतं, आणि त्याला ते विचारणारं कुणीतरी लागतं.

मॉडेल पुरं झालं तेव्हा मी ते घेऊन तळमजल्यावर गेले. पाठ ६४० क्रमांकाची, पोट पांढरं, शेपटीवर तांदळाएवढा वाघ. काकांनी चष्मा लावला. वरून एकदाच पाहिलं. मग त्यांनी विमान डोक्याच्या वर धरलं, गॅलरीच्या उजेडाकडे, आणि खालून बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डेकवर साखळ्या बांधणारा माणूस विमान नेहमी खालूनच पाहतो. १९८६ला मांडवातही त्यांनी पहिल्यांदा विमान उलटंच केलं होतं.

“रंग बराबर,” ते म्हणाले. मग मधल्या चाकाच्या मागे नख ठेवलं. “पण ह्यां लय साफ आसा गो बाय. हयसून त्याल गळायचा. मागे शेपटीपर्यंत काळी रेघ. आम्ही पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत.”

कुठल्याच पुस्तकात, कुठल्याच फोटोत मला ती रेघ सापडली नव्हती. मी विमान परत वर आणलं, वहीत तारखेखाली काकांचं वाक्य लिहिलं, आणि पातळ केलेल्या काळ्या-तपकिरी रंगात सर्वांत बारीक ब्रश बुडवला.